नियम कोणाला आणि सूट कोणाला?

बँकॉकच्या पाहुराट पेठेंत हिंदुस्थानी कापडव्यापाऱ्यांचीं दुकानें कित्येक पिढ्यांपासून चाललीं आहेत. तीं पाहून आमच्याकडील एखाद्या उद्योगी तरुणास आपणही तेथें जाऊन दुकान किंवा उपाहारगृह घालावें असें वाटल्यास नवल नाहीं. परंतु परमुलखांत व्यापारास निघणाऱ्यानें मालाचा भाव विचारण्यापूर्वी तेथील कायदा विचारावा, हें शहाणपणाचें होय. थायलंडांतील परकीय व्यापाराचा कायदा तर असा आहे, कीं त्याचा विचार व्यापारनीतीची आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकानें करावा.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे, कीं आपला बाजार आपल्या हातीं राहावा ही त्या लोकांची इच्छा कटु अनुभवांतून जन्मली आहे. १८५५ सालीं सर जॉन बाउरिंग यांनीं केलेल्या तहामुळें सयामच्या राजास आयात मालावर शेंकडा तीनहून अधिक जकात बसवितां येईना. इंग्रज प्रजाजनांचे खटलेही इंग्रज वकिलातीकडे गेले. इतर राष्ट्रांनीं तसेच तह करून घेतले, आणि हें जोखड पुरतें उतरावयास १९३७ साल उजाडलें. ज्यानें इतकें सोसलें, त्यानें घराचें दार जपून उघडलें तर त्यास दोष कोण देईल?

पण दार जपून उघडणें निराळें आणि माणूस पाहून उघडणें निराळें. १९९९ च्या कायद्याप्रमाणें ज्या कंपनीचें अर्धें किंवा अधिक भांडवल परक्यांचें, ती परकी ठरते. तिच्या मार्गांत निर्बंधांच्या तीन याद्या आहेत. पहिलींत वर्तमानपत्रें, भातशेती व जमिनीचा व्यापार येतो. दुसरींत देशाचें संरक्षण, संस्कृति व हस्तकला यांशीं निगडित धंदे. तिसरींत, ज्यांत थाई लोक अजून स्पर्धेस तयार नाहींत असे धंदे. पहिल्या दोहोंचें कारण समजतें. तिसरी मात्र इतकी ऐसपैस आहे, कीं हिशेबतपासणीपासून उपाहारगृहापर्यंत बहुतेक सर्व सेवा तिच्या पोटांत मावतात. किरकोळ विक्रींत किमान दहा कोटी बाट ओतणाऱ्यास मात्र ती आडवी येत नाहीं. म्हणजे लहान दुकानदार तो परका, आणि धनाढ्य तो पाहुणा!

दुसरी सूट तहाची. २९ मे १९६६ रोजीं अमेरिका व थायलंड यांमध्यें मैत्रीचा करार झाला आणि १९६८ सालीं तो अंमलांत आला. बहुसंख्य भाग व बहुसंख्य संचालक अमेरिकन असल्याचें दाखविलें, म्हणजे त्या कंपनीस पूर्ण मालकीनें धंदा करतां येतो. दळणवळण, वाहतूक, विश्वस्ताचें काम, ठेवी घेणारी पेढी, जमिनीची मालकी, भूमि व नैसर्गिक संपत्तीचा उपयोग आणि देशी शेतमालाचा अंतर्गत व्यापार एवढेंच त्यांतून वगळलें आहे. त्याच गल्लींत हिंदुस्थानी माणसानें तोच धंदा काढला, तर त्यास शंभरांतील एकुणपन्नास भागांवर थांबावें लागतें, नाहीं तर परवान्यासाठीं अर्ज करावा लागतो. त्या काळीं अमेरिकेचें सैन्य व विमानें थाई भूमीवर होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही कृपा कोठून आली तें उमगतें. आमच्या मतें खरी मख्खी येथेंच आहे. जें जपावयाचें तें करारांतही जपलें आहे. तेव्हां उरलेल्या धंद्यांत परका शिरल्यानें देश बुडत नाहीं, हें थाई सरकारनेंच अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या कृतीनें मान्य केलें आहे.

कायदा असा दुतोंडी झाला म्हणजे आडवाटा निघतात. आमच्या व्यापाऱ्यांस ‘बेनामी’ या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. कागदावर एकावन्न भाग थाई माणसांचे, पैसा व सत्ता परक्याची, ही रचना तेथें गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक ते दहा लाख बाट दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि नांव उसनें देणारा थाई मनुष्यही तितकाच दोषी. २००६ सालीं सिंगापूर सरकारच्या टेमासेक कंपनीनें शिन कॉर्पोरेशन विकत घेतली, तेव्हां त्या व्यवहारांतील एका थाई कंपनीवर हाच संशय आला व मोठें वादळ उठलें. पुढें २००७ सालीं भागांबरोबर मताधिकारही मोजावा अशी दुरुस्ती सुचविली गेली. पण ती कायद्यांत उतरली नाहीं.

कोणी म्हणतील, लहान राष्ट्रानें स्वतःचें रक्षण करूं नये काय? अवश्य करावें. आमच्या देशानेंही १९७३ च्या परकीय चलन कायद्यानें परक्या कंपन्यांस सामान्यतः शेंकडा चाळीस भागांवर आणलें. १९७७ सालीं कोकाकोला निघून गेली, ती १९९३ सालीं परतली. तो नियम योग्य होता कीं नव्हता हा वाद वेगळा. परंतु त्यांतील सवलती धंद्याचें स्वरूप पाहून दिल्या जात, मालकाचें राष्ट्र पाहून नव्हे. थायलंडनेंही हाच न्याय स्वीकारावा. जें खरोखर जपावयाचें तें सर्वांस सारखें बंद करावें, आणि जें एकास उघडलें तें सर्वांस उघडावें.

तें होईपर्यंत आमच्या व्यापारी बांधवांस एवढेंच सांगणें आहे, कीं कोणाचें नांव उसनें घेऊन दुकान थाटूं नका. उसन्या नांवाचा मालक उद्यां उलटला, तर दाद मागण्यासाठीं न्यायालयाची पायरी चढणें म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देणें होय. परवाना मागा, खरा भागीदार शोधा, अथवा दुसरा देश पाहा; पण घामाचा पैसा अशा कागदावर ठेवूं नका, जो संकटकाळीं तुम्हांसच दाखवितां येणार नाहीं.