मालिकेतील गूढ आणि प्रेक्षकांचे तर्क

दूरचित्रवाणी मालिकेचा भाग नेमक्या उत्कंठेच्या जागी संपतो आणि घराघरांतून चर्चा सुरू होते. खून कोणी केला असावा, अमुक पात्र खरोखरच भोळे आहे की भोळेपणाचे सोंग घेत आहे, तमुक बाई इतकी वर्षे गप्प का राहिली, अशा प्रश्नांवर प्रेक्षक आपापली उत्तरे मांडतो, दुसऱ्याचे उत्तर खोडून काढतो, प्रसंगी चार महिन्यांपूर्वीच्या एखाद्या दृश्याचा दाखला देतो. मराठी समीक्षेने या व्यवहाराकडे गांभीर्याने पाहिलेले नाही. मालिका हाच मुळात हलका प्रकार, मग तिच्यावरील गप्पांची दखल कशासाठी घ्यावयाची, अशी त्यामागची भूमिका दिसते. ही भूमिका तपासून पाहणे आवश्यक आहे. अपुऱ्या पुराव्यावरून पात्राच्या अंतरंगाविषयी अनुमान करणे आणि ते अनुमान संहितेवर घासून पाहणे ही वाचनाची मूलभूत क्रिया होय. पदव्युत्तर वर्गात शिकविली जाते ती हीच. तेव्हा या प्रेक्षकतर्कांपैकी कोणता तर्क समीक्षेच्या पातळीवर पोचतो आणि कोणता केवळ कोडे सोडविण्याचा खेळ राहतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने स्वतःचा मानला पाहिजे.

क्रमशः कथनातून जन्मणारी ही उत्सुकता दूरचित्रवाणीने निर्माण केलेली नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आली. दोन अंकांमधला काळ हा वाचकाचा स्वतःचा अवकाश होता. यमूच्या आयुष्याचे पुढे काय होणार, याचा विचार करण्यास त्या काळात त्याला सवड मिळत असे. पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकाला सुगावे गोळा करण्याची गोडी लावली. मात्र रहस्यकथा एकदोन बैठकींत संपते. दैनंदिन मालिका महिनोन्‌महिने चालते, आणि तर्क करण्यास मिळणारा हा दीर्घ अवकाशच तिच्या प्रेक्षकाला सहलेखकाच्या भूमिकेत आणून बसवितो.

या तर्कांचा विचार करताना दोन प्रकारच्या गूढांत भेद करणे उपयुक्त ठरेल. एक घटनेचे गूढ आणि दुसरे पात्राचे गूढ. घटनेच्या गूढाला एकच उत्तर असते आणि ते मिळाले की गूढ संपते. २०१५ च्या 'बाहुबली' चित्रपटाने कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न देशभर विचारावयास लावला. २०१७ मध्ये दुसऱ्या भागाने त्याचे उत्तर दिले आणि तो प्रश्न तेथेच मिटला. पात्राचे गूढ असे मिटत नाही. सगळ्या घटना माहीत झाल्यानंतरही 'हा माणूस असा का वागला?' हे विचारणे शिल्लक राहते.

झी मराठी वाहिनीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेत हा भेद विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. आकेरी येथे चित्रित झालेल्या या मालिकेचा पहिला भाग २०१६ मध्ये प्रसारित झाला. अण्णा नाईक यांच्या मृत्यूनंतर कुटुंब वाड्यात एकत्र येते आणि अनाकलनीय घटना घडू लागतात, असे त्याचे सूत्र होते. साहजिकच प्रेक्षकांचे तर्क 'कोण?' या प्रश्नाभोवती फिरत राहिले. घरातील जवळजवळ प्रत्येक व्यक्तीवर संशयाची सुई येऊन गेली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या भागाने काळ मागे नेला आणि हयात असलेले अण्णा प्रेक्षकांसमोर उभे केले. अण्णांचा शेवट आता आधीच ठाऊक होता. तरीही माधव अभ्यंकर यांनी साकारलेले अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांनी साकारलेली शेवंता ही नावे मालवणी मुलुखापासून दूर असलेल्या मराठवाड्यातही सर्वतोमुखी झाली. शेवट माहीत असल्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष 'कोण?' वरून 'का?' वर गेले. या माणसाचा दरारा कशावर उभा आहे, घरातली माई सारे पाहूनही काय मनात ठेवते, शेवंतेला अण्णांचे आकर्षण आहे की त्यांच्या सत्तेचे, हे प्रश्न उत्तर कळले म्हणून संपणारे नव्हते.

भारतीय श्रोत्याला हा अनुभव नवा नाही. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवरून बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका दाखविली गेली. तिचा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक शोधूनही सापडला नसता. तरीही भीष्म द्यूतसभेत गप्प का बसले, कुंतीने कर्णाचे जन्मरहस्य इतका काळ का झाकले, यांवर घरोघरी वाद झाले. महाकाव्याच्या पात्रांभोवतीचे हे गूढ शतकानुशतके टिकून आहे, ते अशा न संपणाऱ्या प्रश्नांमुळे.

मराठीत या स्वरूपाच्या तर्काचा सर्वांत शिस्तबद्ध नमुना इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' मध्ये आढळतो. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथात विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा का, अशी शक्यता त्यांनी तपासली आहे. माण्डव्य ऋषींच्या शापामुळे धर्म हाच विदुराच्या रूपाने जन्मास आला, असे महाभारत सांगते. युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र, असेही सांगते. विदुर पांडूचा धाकटा भाऊ, म्हणजे नियोगाच्या रूढीनुसार या कामी योग्य पुरुष. पांडव वनवासात असताना कुंती विदुराच्या घरी राहते. आश्रमवासिक पर्वात मरणसमयी विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. निरनिराळ्या पर्वांत विखुरलेल्या या जागा एकत्र ठेवल्या म्हणजे तर्काला आकार येतो. नियोग समाजमान्य होता, तर ही गोष्ट झाकण्याचे कारण काय, या आक्षेपाचा विचार करताना विदुराच्या दासीपुत्र असण्याकडे लक्ष जाते, आणि वारसाहक्काचा सारा संघर्ष वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो.

या उदाहरणावरून चांगल्या तर्काची तीन लक्षणे सांगता येतील. त्याचा आधार संहितेत असतो. तो एकाच नव्हे तर अनेक विखुरलेल्या जागांचा उलगडा करतो. आणि तो स्वतःवरील प्रश्नचिन्ह पुसून टाकत नाही. शक्यतेला शक्यताच म्हणतो. विदुर-युधिष्ठिरांचे नाते शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. पण तो तर्क वाचल्यानंतर महाभारत पूर्वीसारखे वाचता येत नाही. तर्काचे यश यातच आहे.

याउलट, संहितेबाहेर भरकटलेल्या तर्काचा धोका इंग्रजी समीक्षेने फार पूर्वी ओळखला होता. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरील व्याख्याने प्रसिद्ध केली. त्यांच्या पात्रकेंद्री पद्धतीची परिणती नाटकातील पात्रांना खरीखुरी माणसे समजून त्यांचे अप्रकट आयुष्य कल्पिण्यात होते, असा आक्षेप घेऊन एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅकबेथला मुले किती, या उपरोधिक शीर्षकाचा निबंध लिहिला. नाटकाने जे सांगितलेले नाही आणि सांगण्याची गरजही ठेवलेली नाही, त्यावर बांधलेला तर्क कलाकृतीविषयी काहीच सांगत नाही, हे त्यातील तत्त्व आजही ग्राह्य आहे.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा धोका आणखी एका दिशेने येतो. २००७ ते २००९ या काळात गाजलेली 'असंभव' ही चिन्मय मांडलेकर लिखित आणि सतीश राजवाडे दिग्दर्शित मालिका पुनर्जन्माच्या कल्पनेवर उभी होती. आजची सुलेखा ही मागच्या जन्मीची इंदुमती, अशी पात्रांची दुहेरी योजना तिच्यात होती. या मालिकेत शुभ्राची भूमिका आधी मानसी साळवी आणि नंतर उर्मिला कानेटकर यांनी केली. चेहरा बदलणे हाच जिच्या कथेचा विषय, त्या मालिकेत नायिकेचा चेहरा बदलला, तर त्यात अर्थ शोधण्याचा मोह कोणालाही होईल. तथापि तो बदल निर्मितीव्यवहारातील आहे, कथेतील नव्हे. 'रात्रीस खेळ चाले' च्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या भागात शेवंतेची भूमिका अपूर्वा नेमळेकर यांच्याकडून कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली, त्याविषयीही हेच म्हणावे लागेल. कथेतील सूचक जागा आणि निर्मितीतील अपघात यांत फरक करता येणे ही मालिकेच्या अभ्यासकाची पहिली कसोटी ठरते. हस्तलिखितातील पाठभेद पाहताना लेखनिकाची चूक आणि कवीचा हेतू वेगळा काढावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

येथे मालिकेच्या कर्त्यांची जबाबदारीही सांगितली पाहिजे. रहस्यप्रधान कथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो. जे दाखविले आहे त्याला काही अर्थ आहे, असा विश्वास लेखकाने द्यावयाचा आणि त्या बदल्यात वाचकाने लक्षपूर्वक वाचावयाचे. दैनंदिन मालिका मात्र प्रसारण चालू असतानाच लिहिली जाते आणि प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे पाहून तिचे आयुष्य लांबविले किंवा आटोपते घेतले जाते. अशा वेळी गूढाचे उत्तर लेखकापाशीही नसण्याचा संभव असतो. कालपर्यंत ज्या पात्राकडे सारे सुगावे बोट दाखवीत होते, ते आज निर्दोष ठरते आणि त्या सुगाव्यांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही. तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याविषयी लिहिताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानता हे त्या प्रकाराचे लक्षण मानले. ती दोलायमानता अर्थपूर्ण असू शकते. परंतु वाड्यातील सावली माणसाची की भुताची, हे प्रेक्षकाला ठरविता येऊ नये म्हणून अनिश्चित ठेवणे वेगळे आणि लेखकानेच ठरविले नाही म्हणून अनिश्चित राहणे वेगळे. पहिली संदिग्धता कलात्मक आहे. दुसरी केवळ ढिलाई आहे. महिनोन्‌महिने सुगावे जपून ठेवणाऱ्या प्रेक्षकाच्या वाट्याला ही ढिलाई आली, तर त्याचा संताप हा वाचकाचा रास्त संताप आहे. शेवट मनासारखा झाला नाही म्हणून रुसणे आणि शेवट आधीच्या पुराव्याशी जुळत नाही म्हणून आक्षेप घेणे यांतील अंतर समीक्षकाने तरी ओळखावे.

प्रेक्षकांचे तर्क निर्दोष असतात, असे मात्र नव्हे. संशय कोणावर आधी जातो, याला समाजात आधीच ठरलेली वाट असते. घरचा गडी, एकटी राहणारी स्त्री, विवाहाबाहेरचे मूल, यांच्याकडे बोट चटकन वळते. शेवंतेविषयी बोलताना तिला मोहिनी किंवा हडळ म्हणणारा प्रेक्षक अण्णांच्या गावावरील सत्तेचा विचार त्याच तीव्रतेने करतोच असे नाही. अशा वेळी तर्क मालिकेपेक्षा तर्क करणाराविषयीच अधिक सांगतो. मराठवाड्यातील अभ्यासकाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागू नये. याच शहरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून, गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि दलित साहित्यविचाराला व्यासपीठ मिळवून दिले. एकलव्य, शंबूक, कर्ण या पात्रांकडे पाहण्याची दृष्टी त्या साहित्याने बदलली. कथेने ज्याला गप्प ठेवले त्याची बाजू काय असेल, असे विचारणे हाही एक तर्कच होता. मात्र तो रूढ संशयाच्या उलट दिशेने जाणारा होता. मालिकेच्या प्रेक्षकानेही आपला संशय कोणत्या वाटेने चालला आहे, हे स्वतःला विचारावे, अशी अपेक्षा यावरून ठेवता येते.

मालिकेला महाकाव्याच्या पंक्तीला बसवावे, असे यात कोठेही सुचवावयाचे नाही. मालिकांचा मोठा भाग पुनरावृत्तीने आणि पाल्हाळाने भरलेला असतो, हे मान्यच आहे. विद्यार्थी मात्र वर्गात येतो तो हीच तर्कशक्ती घेऊन येतो. मालिकेविषयी बोलताना तो पुरावा देतो, प्रतिवाद करतो, पात्राच्या हेतूंचा शोध घेतो. आणि कादंबरीवर लिहावयाची वेळ आली की मार्गदर्शकातील तयार वाक्ये उतरवितो. ही दरी मराठी विभागांनी गंभीरपणे घ्यावयास हवी. विद्यार्थ्याला त्याने पाहिलेल्या मालिकेतील एखाद्या पात्राविषयीचा तर्क लेखी मांडावयास सांगावे. त्या तर्काला अनुकूल तीन जागा आणि प्रतिकूल किमान एक जागा त्याने दाखवावी. त्यानंतर हीच रीत त्याने 'युगान्त' मधील विदुराला लावून पाहावी आणि मग नेमलेल्या कादंबरीतील एखाद्या पात्राला. प्रतिकूल जागा शोधावयास लागणे हाच या अभ्यासाचा गाभा होय. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारे वाक्य जो प्रामाणिकपणे नोंदवितो, त्याला संहिता वाचता येते, असे समजण्यास हरकत नाही.

मालिका संपते, तिचे भाग विस्मरणात जातात, नवी मालिका जुनीची जागा घेते. तर्क करण्याची सवय मात्र उरते. तिला शिस्त लावावयाची की तिला हसून मोकळे व्हावयाचे, याचा निर्णय साहित्याच्या अध्यापकाने घ्यावयाचा आहे.