रेडिओ लाखाचा, विमान थर्माकोलचं!

सध्या आपल्या होस्टेलमध्ये रात्रीच्या मेसनंतर एकच वाद रंगतो. एरोमॉडेलिंग ग्रुपसाठी ट्रान्समीटर कोणता घ्यायचा? एक पार्टी म्हणते, घ्यायचाच तर टॉपचा घ्या, फुटाबा नाहीतर जेटी. वर्गणी काढू, गॅदरिंगच्या फंडातून मागू, पण एकदाच काय तो घेऊ. दुसरी पार्टी म्हणते, पाच हजाराचा फ्लायस्काय हाये ना, विमान उडते ना, मंग कायले पाह्यजे? आवाज चढतात, रेक्टर सर येतात आणि वाद अर्धाच राहतो. म्हणून म्हटलं, आपलं मत इथेच लिहून टाकावं.

मत आधीच सांगतो. लाखाचा रेडिओ आपल्याला नको. आणि पाच हजाराच्या एकाच सेटवर अख्ख्या ग्रुपचं भागवणंही नको. कारणं आवडीनिवडीची नाहीत, आपण जे चार वर्षं शिकतो त्यातलीच आहेत.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रान्समीटर म्हणजे हातात धरायचा दोन दांड्यांचा डबा. आपण सगळे त्याला 'रेडिओ'च म्हणतो. विमानात असतो रिसीव्हर. तो सिग्नल पकडून सर्वो मोटर्सना सांगतो की एलेरॉन एवढा वळव, एलिव्हेटर एवढा उचल. जुन्या रेडिओत क्रिस्टल असायचा आणि एका क्रिस्टलचा एकच चॅनेल. मैदानावर दुसऱ्या कोणी त्याच चॅनेलचा सेट चालू केला की तुमचं विमान गेलंच समजा. म्हणून क्लबच्या मैदानावर फळीला चिमटे लावलेले असत. ज्याच्याकडे चॅनेलचा चिमटा, त्यानेच सेट चालू करायचा.

२००५-०६ पासून स्पेक्ट्रम, फुटाबा या कंपन्यांचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि चिमटे संपले. ईएनटीसीवाले ज्या स्प्रेड स्पेक्ट्रमच्या चॅप्टरला ऑप्शनला टाकतात, तोच हा. सिग्नल एका जागी बसतच नाही, सेकंदाला कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारतो. या कल्पनेचं एक पेटंट १९४२ साली हेडी लामार या हॉलिवूडच्या नटीने जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर घेतलं होतं. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ फ्रिक्वेन्सी होत्या! भारतात २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक पॉवरपर्यंत विनापरवाना मोकळा झाला. म्हणजे क्रिस्टलच्या काळात महागडा रेडिओ आणि साधा रेडिओ यांत जीवन-मरणाचा फरक होता, तो आता तेवढा राहिलेला नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण 'टॉपचाच घ्या' हा सल्ला बऱ्याचदा त्या जुन्या काळातून आलेला असतो.

आता टॉपच्या सेटची जाहिरात वाचा. पहिली गोष्ट, रेझोल्यूशन. २०४८ स्टेप्स, ४०९६ स्टेप्स वगैरे. आपल्या विमानात काय असतं? नऊ ग्रॅमचा निळा एसजी-९० सर्वो. त्याला १ ते २ मिलिसेकंदाची पल्स लागते, म्हणजे १००० मायक्रोसेकंदांची रेंज. त्याचा डेड बँड आहे १० मायक्रोसेकंद. त्याहून लहान बदल त्याला कळतच नाही. म्हणजे आपला सर्वो जेमतेम १०० स्टेप्स ओळखतो. त्याला २०४८ स्टेप्सचा रेडिओ जोडणं म्हणजे वर्कशॉपमधल्या लाकडी फुटपट्टीने मायक्रॉन मोजण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, लेटन्सी. आपलं विमान साधारण १५ मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने उडतं. रेडिओने २० मिलिसेकंद उशीर केला तर तेवढ्यात विमान ३० सेंटिमीटर पुढे जातं. पण डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात विमान ३ मीटर जातं! रेसिंग ड्रोनवाल्याला किंवा थ्रीडी हेलिकॉप्टरवाल्याला ते २० मिलिसेकंद जाणवत असतील. आपण मात्र विमान पाडतो आणि म्हणतो रेडिओ स्लो आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

तिसरी गोष्ट, रेंज. दोन किलोमीटर, पाच किलोमीटर, काय वाट्टेल ते. सव्वा मीटर पंखांचं विमान ४०० मीटरवर गेलं की ते पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम एक तृतीयांश दिसतं. ते आपल्याकडे येतंय की जातंय हेच कळत नाही. आणि ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेलची व्याख्याच अशी आहे की ते शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी असावं आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावं. जिथे डोळे पोचत नाहीत तिथे रेडिओ पोचून करायचं काय?

मग महागडे सेट घेणारे सगळे वेडे आहेत का? मुळीच नाही. जेट इंजिनाचं, दहा-पंधरा किलोचं, काही लाखांचं मॉडेल उडवणाऱ्याने लाखाचा रेडिओ घेतलाच पाहिजे. त्यात दोन रिसीव्हर, दोन बॅटऱ्या, एक लिंक तुटली तर दुसरी, अशी सोय असते. दांड्यांचं मशीनिंग असं की हात लावला की कळतं. तो त्या मॉडेलचा विमा आहे. पण विमा मालमत्तेच्या हिशोबाने काढतात. आपली मालमत्ता म्हणजे थर्माकोल, सनबोर्ड, सेलोटेप आणि एक २२१२ मोटर!

आणि खरी मेख पुढे आहे. रेडिओ एकदा घेतला की संपत नाही, प्रत्येक विमानात रिसीव्हर लागतो. मोठ्या ब्रँडचे रिसीव्हर त्यांच्याच कंपनीचे घ्यावे लागतात आणि एकेक काही हजारांना पडतो. म्हणजे लाख गेले डब्याला, आणि दुसरं विमान बनवायला पैसेच नाहीत. हत्ती घेतला, पण चाऱ्याचं काय?

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो. फ्लायस्काय एफएस-आय६ वाईट नाही. सहा चॅनेल, वीस मॉडेल मेमरी, एलेव्हॉन आणि व्ही-टेल मिक्सिंग. शिकायला उत्तम. पण काळ्या मातीचा आपला फुफाटा त्याच्या दांड्यांमधल्या पोटेन्शिओमीटरमध्ये शिरतो. त्यात घासणारा भाग असतो, तो झिजला की विमान सरळ असताना एलेरॉन थरथरायला लागतो. कॉम्पिटिशनसाठी फ्लॅप, पेलोड ड्रॉप, टेलिमेट्री हे सगळं करायचं म्हटलं की सहा चॅनेल कमी पडतात. आणि मुख्य म्हणजे आत काय चाललंय ते उघडून बघता येत नाही.

म्हणून मी मधला रस्ता सांगतो. वीस हजारांच्या आसपास एडजटीएक्स या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालणारे सेट मिळतात. रेडिओमास्टरचा २०२० साली आलेला टीएक्स-१६एस हा त्यातला गाजलेला. दांड्यांमध्ये हॉल सेन्सर असतात, चुंबकावर चालणारे, घासणारं काही नाही, म्हणजे फुफाट्याची भीती कमी. सोबत एक्सप्रेसएलआरएस ही लिंक घेतली तर तीही ओपन सोर्स. तिचे रिसीव्हर हजार-पंधराशेच्या घरात येतात. आत एसटीएम-३२ आहे, ईएसपी आहे, लोरा मॉड्युलेशन आहे. फायनल इयरला प्रोजेक्टचे विषय शोधत फिरणाऱ्या ईएनटीसी आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, याहून चांगलं काय पाहिजे? कोड वाचा, बदला, मिक्सिंग स्वतः लिहा. लाखाच्या बंद डब्याला फक्त पुसता येतं.

घेताना मात्र एक काळजी घ्या. ऑनलाईन बघितलं की ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल स्वस्तात दिसतात, रेंज जास्त म्हणून पोरं भुलतात. ते अमेरिकेसाठी आहेत. आपल्याकडे ९१५ विनापरवाना नाही आणि मोबाईलचा ९०० चा पट्टा तिथेच चिकटून आहे. आपल्याकडे मोकळा आहे तो ८६५ ते ८६८ आणि २.४ गिगाहर्ट्झ. आपण २.४ च घ्यावं हे बरं. आणि दुकानदाराला ईटीए मंजुरीचं विचारायला लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सव्वा किलोचं विमान १५ मीटर प्रति सेकंदाने येतं तेव्हा त्यात सुमारे १४० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या लेदर बॉलमध्ये साधारण १२० ज्यूल असते. म्हणजे आपलं थर्माकोलचं खेळणं फास्ट बोलरच्या चेंडूहून जोरात लागतं, आणि वर पुढे फिरतं पातं! २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९ वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. तो नवशिका नव्हता. आपण उडवतो सोयाबीन निघालेल्या रानात. तिथे कडेला बायाबापड्या निंदत असतात, बैल बांधलेले असतात, धुऱ्यावरून शाळेची पोरं जातात. त्यांनी हेल्मेट घातलेलं नसतं.

म्हणून रेडिओची किंमत विचारण्याआधी फेलसेफ विचारा. सिग्नल तुटला तर मोटर बंद होते का? का शेवटचा थ्रॉटल धरून विमान समृद्धी महामार्गाकडे निघतं? हे तपासायला पैसे लागत नाहीत. पातं काढा, मोटर चालू करा, रेडिओ बंद करा आणि बघा. मग रेंज चेक. लो पॉवर मोडवर तीस पावलं चालत जा, सगळे सर्वो नीट हलतात का ते पाहा. लाखाच्या सेटमध्ये फेलसेफ सेट केला नसेल तर तो पाच हजाराच्या सेट केलेल्या रेडिओहून धोकादायक आहे. उडवण्याआधी सरकारच्या एअरस्पेस नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये आहे का हेही बघा. आणि कारंजा-सोहोळच्या काळवीटांकडे कृपा करून कोणी विमान नेऊ नका.

समजा, ग्रुपकडे पन्नास हजार जमले. माझा हिशोब असा. वीस हजार एका चांगल्या ओपन सोर्स सेटला, दोन रिसीव्हरसह. दहा हजार दोन साध्या सेटला. उरलेले वीस हजार बॅटऱ्या, बॅलन्स चार्जर, सर्वो, मोटर, सनबोर्ड यांना. साधे दोन कशाला? ते ट्रेनर केबलने जोडता येतात. शिकणारा एका सेटवर, शिकवणारा दुसऱ्यावर. विमान गडबडलं की शिकवणाऱ्याने स्विच सोडायचा आणि ताबा घ्यायचा. ज्यांना लगेच मैदान मिळत नाही त्यांनी रेडिओ यूएसबीने कॉम्प्युटरला लावावा आणि पिकासिमसारख्या फुकटच्या सिम्युलेटरवर शंभर वेळा विमान पाडावं. तिथे पाडलं तर फेविकॉलही लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढं काटकसरीचं कशाला, कॉलेजचं नाव होऊ द्या ना. मी उलट विचारतो, लाखाचा रेडिओ आला तर तो राहील कुठे? कपाटात, कुलपात. इन्स्पेक्शनला टेबलवर मांडला जाईल. उडवतील फायनल इयरचे दोघे-तिघे, तेही जपून जपून. फर्स्ट इयरची पोरं पंख धरून उभी राहतील आणि वर्षभराने ग्रुप सोडतील. मुलींच्या होस्टेलवरून आलेल्यांना तर 'महागाचा आहे, राहू दे' असंच ऐकायला मिळेल. वर्गणी मात्र सगळ्यांनी दिलेली असेल, आणि ती कोणाच्या घरच्या सोयाबीनच्या पट्टीतून आलीय हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

'थ्री इडियट्स' सगळ्यांनी पाचदा पाहिलाय. २००९ च्या त्या सिनेमात होस्टेलच्या खिडकीबाहेर उडणारं ते यंत्र आयआयटी मुंबईच्या पोरांनी काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचं होतं. तीच कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. त्यांच्याजवळ सगळ्यात महाग रेडिओ होता म्हणून ती मोठी झाली नाही. आत काय आहे हे त्यांना कळत होतं, म्हणून झाली. आज आपल्याच भागात शेतात फवारणीचे ड्रोन दिसायला लागलेत. ते चालवायला, दुरुस्त करायला माणसं लागणार आहेत. जिल्हा आपला १९९८ चा, विमानतळ नाही, एअरोनॉटिकलची ब्रांच नाही. पण ज्याने शंभर वेळा बाइंडिंग केलंय, फेलसेफ लावलाय, तुटलेला सर्वो रात्रीतून बदललाय, त्याला नोकरीच्या वेळी हे सांगता येईल. कपाटातला रेडिओ बघितलाय, हे काय सांगणार?

तेव्हा वर्गणीच्या मीटिंगला सगळ्यांनी या, आणि रेडिओचं नाव सुचवणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा. रिसीव्हर केवढ्याला? फेलसेफ कसा लावायचा? आणि फर्स्ट इयरच्या पोराच्या हातात हा कधी येणार? तिन्हींचं उत्तर नीट मिळालं तर कोणताही घ्या, माझी ना नाही.