विश्लेषण : हजार तास खेळूनही रँक जागची का हलत नाही? ‘आरटीएस’ गेममधलं कौशल्य नेमकं कशात असतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला, तेव्हा सगळी चर्चा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवरच्या बंदीभोवती फिरली. त्याच कायद्यातली दुसरी बाजू बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. कायद्यानं ई-स्पोर्ट्सला वेगळा दर्जा दिला आणि त्याची व्याख्याही केली. शारीरिक चपळाई, बौद्धिक तल्लखपणा, डावपेचांची जाण अशा कौशल्यांवरच ज्याचा निकाल ठरतो, तो ई-स्पोर्ट.

ही व्याख्या सर्वांत चपखल बसते ती ‘रिअल टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणजेच आरटीएस गेमना. ‘एज ऑफ एम्पायर्स’ आणि ‘स्टारक्राफ्ट’ ही त्यातली दोन मोठी नावं. सायबर कॅफेच्या जमान्यात वाढलेल्या पिढीला पहिलं नाव नव्यानं सांगायला नको. पण कायद्यानं कौशल्य म्हटलं म्हणून ते आपोआप येत नाही. वर्षानुवर्षं खेळूनही अनेकांची रँक तिथल्या तिथे राहते आणि काही जण मात्र झपाट्यानं वर जातात. हे का होतं, संशोधन काय सांगतं आणि या खेळात वेळ घालवणाऱ्या मुलाच्या हाती पुढे काय लागू शकतं, हे समजून घेऊया.

आरटीएस म्हणजे काय?

बुद्धिबळात एकाची चाल झाली की दुसऱ्याची पाळी येते. आरटीएसमध्ये पाळी नसते, दोघंही एकाच वेळी खेळतात. लाकूड, अन्न, सोनं गोळा करायचं, इमारती बांधायच्या, सैन्य उभं करायचं आणि त्याच वेळी समोरच्यावर हल्लाही करायचा. शिवाय प्रतिस्पर्ध्याचा बहुतेक भाग नकाशावर झाकलेला असतो. तो काय करतोय हे पाहायचं तर हेर पाठवावा लागतो.

म्हणजे खेळाडूकडे सर्वांत कमी असतं ते लक्ष. पडद्यावर एका वेळी एकच जागा दिसते आणि काम मात्र दहा ठिकाणी असतं. लक्ष कुठे द्यायचं, हा निर्णय दर सेकंदाला घ्यावा लागतो. या खेळातलं बहुतेक कौशल्य या एका निर्णयाभोवती फिरतं.

नवा खेळाडू नेमका कुठे हरतो?

बहुतेकांना वाटतं, की आपण लढाईत हरलो. प्रत्यक्षात सामना बऱ्याचदा त्याआधीच हातून गेलेला असतो.

‘एज ऑफ एम्पायर्स २’चं उदाहरण घेऊ. टाउन सेंटरमधून एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात. पहिल्या दहा मिनिटांत टाउन सेंटर एकूण दोन मिनिटं जरी रिकामं राहिलं, तरी जवळपास पाच गावकरी कमी होतात. एक गावकरी मिनिटाला ढोबळमानानं २० अन्न गोळा करतो. म्हणजे पाच गावकऱ्यांची पाच मिनिटांची कमाई झाली ५०० अन्न. पहिल्या युगातून दुसऱ्या म्हणजे फ्यूडल युगात जायला बरोबर इतकंच अन्न लागतं.

ही दोन मिनिटं एकदम वाया जात नाहीत. रानडुकराची शिकार करताना दहा सेकंद, शत्रूचा घोडेस्वार दिसला म्हणून पंधरा सेकंद, घर बांधायचं विसरलं म्हणून आणखी वीस सेकंद, अशी ती गळत जातात. एका घरामुळे फक्त पाच माणसांची सोय होते. ते वेळेत बांधलं नाही, तर अन्न असूनही नवा गावकरी तयार होत नाही.

म्हणूनच अनुभवी खेळाडू नवख्यांना पहिला सल्ला देतात तो लढाईचा नसतो. ‘टाउन सेंटर रिकामं ठेवू नका,’ एवढंच ते सांगतात. खेळाडूंच्या भाषेत याला ‘मॅक्रो’ म्हणतात. लढाईत एकेक सैनिक हाताळणं म्हणजे ‘मायक्रो’. पाहायला मजा मायक्रोची असते, पण खालच्या आणि मधल्या पातळीवरचे बहुतेक सामने मॅक्रोवर ठरतात.

वेगानं क्लिक करणारा जिंकतो का?

कोरियन खेळाडूंची बोटं कीबोर्डवर नाचताना पाहून हा समज पक्का झाला. एका मिनिटात खेळाडू किती क्रिया करतो, याला ‘एपीएम’ म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंचा एपीएम सहज तीनशेच्या वर जातो.

पण वेग म्हणजे कौशल्य नव्हे, हे एका यंत्रानं दाखवून दिलं. डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फास्टार’ या एआय प्रणालीनं ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असं हरवलं. जानेवारी २०१९ मध्ये हे सामने जगासमोर आले. तेव्हा अल्फास्टारचा सरासरी एपीएम सुमारे २८० होता, म्हणजे समोरच्या माणसांपेक्षा कमी. त्यावर टीकाही झाली. सरासरी कमी असली तरी ऐन लढाईत काही क्षण यंत्राचा वेग आणि अचूकपणा माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता, असा आक्षेप होता. त्यानंतर कॅमेऱ्याची आणि वेगाची बंधनं घालून नवी आवृत्ती तयार झाली. तीही ‘ग्रँडमास्टर’ पातळीवर पोहोचली आणि क्रमवारीतल्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या पुढे गेली. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

माणसांवरचा अभ्यासही हेच सांगतो. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’च्या ३,३६० खेळाडूंच्या सामन्यांची नोंद तपासली. त्यात अगदी नवख्यांपासून व्यावसायिकांपर्यंत सात पातळ्यांचे खेळाडू होते. त्यातून समोर आलं, की पातळी बदलते तसं कोणत्या गोष्टीला किती महत्त्व आहे, हेही बदलतं. म्हणजे विजेत्याचा व्हिडीओ पाहून त्याचीच नक्कल करणं नवख्याच्या कामाचं असेलच असं नाही. त्याची अडचण वेगळी असते आणि त्यामुळे सरावही वेगळा हवा.

मग सराव कसा करायचा?

यावर खेळाडू, प्रशिक्षक आणि संशोधक यांचं बऱ्याच अंशी एकमत आहे.

एकच बिल्ड ऑर्डर पक्की करा : कोणता गावकरी कधी कुठे पाठवायचा आणि कोणती इमारत कधी बांधायची, याचा ठरलेला क्रम म्हणजे बिल्ड ऑर्डर. दहा क्रम अर्धवट येण्यापेक्षा एक क्रम झोपेतही आठवेल इतका घोटलेला बरा. सुरुवातीची मिनिटं सवयीनं खेळता आली, की विचार करायला डोकं मोकळं राहतं. हा क्रम आधी कॉम्प्युटरविरुद्ध, घड्याळ लावून घोटता येतो.

माउसपेक्षा हॉटकी वापरा : टाउन सेंटर शोधायला नकाशावर फिरावं लागलं, की तेवढ्या वेळात लढाईवरची नजर हटते. एक कळ दाबून तेच काम झालं तर लक्ष वाचतं. सवय मोडताना पहिले काही दिवस खेळ बिघडतो. अनेक जण याच टप्प्यावर कंटाळून माउसकडे परततात.

हेरगिरी सोडू नका : प्रतिस्पर्ध्याचा तबेला दिसला, तर घोडदळ येणार हे उघड आहे. त्यावर उतारा म्हणून भालेकरी हवेत. भालेकऱ्यांना तिरंदाज भारी पडतात आणि तिरंदाजांना स्कर्मिशर. हे चक्र पाठ असून भागत नाही, समोर काय चाललंय ते वेळेत दिसायला हवं.

हरलेल्या सामन्याचा रिप्ले पाहा : पूर्ण सामना पाहायची गरज नाही. टाउन सेंटर पहिल्यांदा कधी रिकामं राहिलं, पहिलं नुकसान कशामुळे झालं आणि त्या क्षणी लक्ष कुठे होतं, एवढी तीन उत्तरं पुरेत. तोच सामना समोरच्याच्या बाजूनंही पाहता येतो. ‘तो फक्त नशिबानं जिंकला’ हा समज तिथे बहुधा गळून पडतो.

एका वेळी एकच गोष्ट सुधारा : या आठवड्यात फक्त घरं वेळेत बांधायची, असं ठरवायचं. त्या नादात सामना हरला तरी चालेल.

अल्फास्टारची तालीमही अशीच होती. त्यानं आधी माणसांचे रिप्ले पाहून खेळ उचलला, मग स्वतःच्याच वेगवेगळ्या आवृत्त्यांशी असंख्य सामने खेळले. त्यातल्या काही आवृत्त्यांचं काम मुख्य खेळाडूची कमजोरी शोधून तिथेच वार करणं एवढंच होतं. घोडदळासमोर गडबडणाऱ्या खेळाडूनं, सतत घोडदळच आणणारा मित्र सरावाला गाठावा, हा याचा साधा अर्थ.

तास मोजून काही होतं का?

‘दहा हजार तास’ हा आकडा २००८ नंतर माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचला. त्यामागे अँडर्स एरिक्सन यांचं संगीतकारांवरचं १९९३ मधलं संशोधन होतं. पण एरिक्सन यांचा भर तासांपेक्षा सरावाच्या प्रकारावर होता : उणीव हेरून, ती दुरुस्त करण्यासाठी केलेला सराव. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. त्यात बुद्धिबळासारख्या खेळांमध्ये खेळाडूंमधला सुमारे २६ टक्के फरक अशा सरावातून आल्याचं दिसलं. म्हणजे सराव महत्त्वाचा आहे, पण तोच सर्वस्व नाही.

रँक न हलण्यामागे आणखी एक कारण आहे. ऑनलाइन सामन्यांत साधारण बरोबरीचाच खेळाडू समोर आणला जातो. त्यासाठी बुद्धिबळातल्या एलोसारखी गुणपद्धत वापरतात. समोरच्याचे गुण आपल्याइतकेच असतील, तर जिंकण्याची शक्यता निम्मी. ते २०० नं जास्त असतील, तर ती चारात एकदा इतकी उतरते. त्यामुळे खेळ कितीही सुधारला तरी जय-पराजय निम्मे निम्मेच राहतात, कारण प्रतिस्पर्धीही तगडे होत जातात. रोजच्या हारजितीवरून प्रगती मोजणारा म्हणूनच लवकर निराश होतो.

चोविशीनंतर उतार लागतो?

सायमन फ्रेझर विद्यापीठाच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंची माहिती तपासली. पडद्यावर नवं काही दिसल्यापासून पहिली क्रिया करेपर्यंतचा वेळ साधारण २४ व्या वर्षापासून वाढत जातो, असं त्यात आढळलं. पण त्याच अभ्यासानुसार मोठ्या वयाचे खेळाडू ही कसर खेळाच्या सोयी अधिक हुशारीनं वापरून भरून काढतात.

फिनलंडचा योना सोताला, म्हणजेच ‘सेराल’, हे त्याचं बोलकं उदाहरण. २०१८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ची जागतिक अंतिम स्पर्धा जिंकणारा तो पहिला बिगरकोरियन खेळाडू ठरला. सात वर्षांनी, २०२५ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये त्यानं पुन्हा विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

घरच्यांचा प्रश्न : याचं पुढे काय?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा विभागाच्या अखत्यारीत आणलं. २०२५ च्या कायद्यानं स्पर्धेचं प्रवेशशुल्क आणि कामगिरीवर मिळणारं बक्षीस यांना मुभा दिली. मात्र सामन्यावर पैज लावणं त्यात बसत नाही. हा फरक पालकांनी आणि मुलांनी नीट समजून घ्यायला हवा. पैसे लावून खेळवणाऱ्यांसाठी कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण मान्यता म्हणजे रोजगार नव्हे. भारतात गेमिंग मुख्यतः मोबाइलवर चालतं, तर आरटीएसला कॉम्प्युटर आणि भरवशाचं इंटरनेट लागतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘स्टारक्राफ्ट २’ प्रात्यक्षिक खेळ होता. भारताच्या तीर्थ मेहतानं तिथे कांस्य मिळवलं ते ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या गेममध्ये. पुढे हांगझोऊमध्ये ई-स्पोर्ट्सला अधिकृत पदकं मिळाली, तेव्हा त्या यादीत ‘स्टारक्राफ्ट’ही नव्हता आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ही नव्हता. खेळाडू कितीही तयार असला, तरी त्याचा गेम पुढच्या स्पर्धेत असेल की नाही हे त्याच्या हातात नसतं.

तब्येतीचा मुद्दाही आहे. तासन्‌तास तेच हातवारे केल्यानं मनगटाची दुखणी जडतात. खेळावरचा ताबा सुटून शिक्षण, काम, नाती यांची हेळसांड होत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणून आजारांच्या यादीत घेतलं आहे. २०२२ पासून ही यादी लागू आहे. निदानासाठी साधारण वर्षभर ही लक्षणं दिसावी लागतात. फक्त जास्त वेळ खेळणं म्हणजे आजार नव्हे.

दुसऱ्या बाजूला, २०१३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांच्या सहभागानं झालेल्या एका छोट्या प्रयोगात फारसं गेमिंग न करणाऱ्या ७२ महिला सहभागी होत्या. त्यातल्या काहींनी ४० तास ‘स्टारक्राफ्ट’ खेळल्यावर, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवण्याची त्यांची क्षमता सुधारलेली दिसली. मात्र एवढ्यावरून आरटीएसनं बुद्धी वाढते, असा दावा करणं घाईचं होईल.

त्यामुळे ‘किती तास खेळतोस?’ या प्रश्नाला घरात आणखी एक प्रश्न जोडता येईल : ‘गेल्या हारीतून काय सापडलं?’ त्याचं उत्तर नेमकं मिळालं, तर मूल काहीतरी शिकतंय. ‘लॅग होता’, ‘समोरचा नशीबवान होता’ एवढंच ऐकू आलं, तर वाढतायत ते फक्त तास.