त्याला नळ कोणी दिलाय?

मागच्या वर्षी प्रोजेक्टच्या निमित्ताने आठ दिवस सिंगापूरला होतो. आईने बजावलं होतं, "रस्त्यावरचं काही खाऊ नकोस!" त्यामुळे पहिले तीन दिवस रूमवर मॅगी आणि चकल्या. चौथ्या दिवशी चकल्या संपल्या आणि मी लिटिल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये शिरलो. गरमागरम रोटी प्राता, वाटीभर करी आणि उंचावरून ओतून फेसाळवलेला चहा, 'तेह तारिक'. अगदी स्वस्तात पोट भरलं, आणि बिघडलं तर मुळीच नाही!

तिथेही पूर्वी गाड्या रस्त्यावरच लागायच्या. १९७०-८० च्या दशकांत सरकारने या विक्रेत्यांना नळ, ड्रेनेज आणि छप्पर असलेल्या हॉकर सेंटर्समध्ये जागा दिली. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला वारसा यादीत घेतलं.

म्हणून मित्रांनो, परदेशात गेलात तर मॅगीवर दिवस काढू नका. जिथे स्थानिक लोक रांग लावतात आणि पदार्थ समोर गरम बनतो, तिथे बिनधास्त खा. आणि आपल्या गेटवरच्या वडापाववाल्याला 'अनहायजिनिक' म्हणण्याआधी एक विचार करा : त्याला नळ कोणी दिलाय? सिव्हिलवाल्यांनो, हा विषय तुमचाच आहे!