बॅरेक गेली, नंबर राहिला

उंबरठा / भाडेकरू

परवा उल्हासनगरात कॅम्प चारला जायचं होतं. रिक्षावाल्याला इमारतीचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘नाव सोडा, बॅरेक नंबर बोला.’’ नंबर ऐकताच त्याने रिक्षा काढली. उतरलो तिथे चार मजली इमारत होती. बॅरेकची वीटही शिल्लक नव्हती.

जुन्या वाड्यांची मालकी कशी फिरत गेली, हे उकरायची मला खोड आहे. सरदाराचा वाडा सावकाराकडे जातो, तिथून बिल्डरकडे. या नंबराचा फेरफार निराळाच. पहिला मालक लष्कर. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याण कॅम्पात २,१२६ बॅरेकी होत्या. फाळणीनंतर त्यांत सिंधमधली कुटुंबं उतरली. मधे तरटाचा पडदा. अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कॅम्पचं उल्हासनगर झालं. घर मात्र सरकारचंच राहिलं. १९५४च्या भरपाई कायद्याने तिकडे सोडलेल्या मालमत्तेचा दावा इकडच्या घराच्या किमतीत वळता करता येऊ लागला. तिकडचा वाडा इकडे खोलीभर उरला, पण हातात सनद आली. पुढे खोलीवर मजले चढले, बरेचसे परवानगीवाचून. ते नियमित करायला २००६मध्ये खास या शहरापुरता कायदा झाला.

म्हणजे इथे आधी ताबा, मग कागद. सर्वस्व गमावून आलेल्यांसाठी सरकारने कागद मागाहून जुळवला, आणि ते योग्यच केलं.

पण त्याच युद्धाने जवळच नेवाळीत विमानतळासाठी जमिनी घेतल्या. तिथे कागदावर शेतकऱ्यांची नावं आधीपासून होती, गेला तो ताबा. युद्ध सरल्यावर जमीन परत मिळायला हवी होती, असं शेतकरी सांगत आले. त्या जमिनीला नौदलाने भिंत घालायला घेतली तेव्हा, जून २०१७मध्ये, आंदोलन पेटलं. गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोघेही जखमी झाले.

एकाला ताब्यावरून कागद मिळतो, तर दुसऱ्याच्या जुन्या कागदांची निदान जाहीर छाननी तरी व्हावी. जमीन कुठल्या अटीवर घेतली, मोबदला कुणाला पोचला, हे गावाच्या चावडीवर वाचून दाखवा. पाडलेल्या बॅरेकीचा नंबर रिक्षावाल्यालाही पाठ आहे. नेवाळीचे गट नंबर सरकारला तेवढे तरी पाठ असावेत.