पुसलेला अंगठा

जगाच्या कानाकोपऱ्यांतील उत्तमोत्तम छायाचित्रांची आज सुशिक्षितांच्या घरी नुसती रेलचेल झाली आहे. दिनदर्शिका, ग्रंथांची वेष्टने, दिवाणखान्याच्या भिंती आणि आता हातातील यंत्रही त्यांनी भरून गेले आहे. आपण क्षणभर थक्क होतो, 'काय विलक्षण मुद्रा टिपली आहे!' असे उद्गारतो आणि पुढील चित्राकडे वळतो. या थक्क होण्यालाच रसिकता म्हणण्याची वहिवाट पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. ज्या चित्रात जिवंत माणूस आहे, त्याचे नावगाव न विचारता केलेला रसास्वाद अर्धवट तर असतोच, पण पुष्कळदा अन्यायाचाही असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्ही उच्चासनावरून सांगत नाही. स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही 1939 ची कादंबरी शिकविताना, डोरोथिया लँग यांनी काढलेले 'मायग्रंट मदर' हे जगप्रसिद्ध छायाचित्र आम्ही वर्षानुवर्षे वर्गात दाखवीत आलो. गालाशी टेकलेला हात, कपाळावरील आठ्या, दोन्ही खांद्यांशी तोंड लपवून बिलगलेली मुले आणि मांडीवर तान्हे मूल. मातृत्व, दारिद्र्य आणि धैर्य यांवर आम्ही पाऊण पाऊण तास बोलत असू. एके वर्षी मागल्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या बाईंचं नाव काय?" आम्हांस ते ठाऊक नव्हते. चित्र काढणारीचे नाव, साल, सारे तोंडपाठ. जिच्या चेहऱ्यावर आमचे व्याख्यान उभे होते, तिचे नाव मात्र आम्ही कधी शोधलेही नव्हते!

त्यांचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, चेरोकी जमातीच्या. 1936 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याचे पीक थंडीने बुडाले आणि शेंगा खुडण्यास आलेले मजूर उपाशी पडले. सरकारी पुनर्वसन खात्यासाठी काम करणाऱ्या लँग तेथे पोहोचल्या, त्यांनी थोडी चित्रे घेतली आणि त्या निघाल्या. आपण त्या बाईंचे नाव विचारले नाही, हे त्यांनी स्वतःच 1960 मध्ये लिहून ठेवले आहे. चित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात झळकली, सुमारे 20,000 पौंड अन्न त्या छावणीकडे रवाना झाले. ते पोहोचले तेव्हा हे कुटुंब पुढल्या गावी निघून गेले होते.

मूळ चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा दिसत होता. रचनेला बाध येतो म्हणून लँग यांनी पुढे तो पुसविला. आपल्याकडे ज्याला लिहिता येत नाही त्याची सही अंगठ्याने होते. ज्या चित्रात नाव नव्हतेच, त्यातला अंगठाही गेला!

1978 मध्ये, वृद्धपणी, थॉम्प्सनबाईंनी आपली ओळख जाहीर केली ती तक्रारीसह: चित्र काढले नसते तर बरे झाले असते, त्यातून एक पैसाही मिळाला नाही. 1983 मध्ये त्या मृत्युशय्येवर असता उपचारांसाठी मुलांना लोकांपुढे हात पसरावा लागला. 1998 मध्ये त्याच चित्राची एक प्रत लिलावात 2,44,500 डॉलरांस गेली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, लँग पगारी नोकर होत्या, चित्र सरकारचे होते, आणि त्यांची कणव खरी होती. 1983 च्या आवाहनाला लोकांनी 35,000 डॉलरांहून अधिक मदत पाठविली आणि त्यासोबतची पत्रे वाचून मुलांनाही त्या चित्राचा अभिमान वाटू लागला. आमचा आक्षेप एका व्यक्तीवर नसून पाहणाऱ्यांच्या सवयीवर आहे. नाव कळताच लोकांनी पत्रे लिहिली; तेच आधीची 42 वर्षे ते नुसते थक्क होत राहिले.

ही सवय जुन्या काळाबरोबर गेली म्हणावे, तर तसेही नाही. 1984 मध्ये पेशावरनजीकच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅक्करी यांनी हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचे चित्र घेतले. 1985 च्या जूनमध्ये ते 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आले आणि त्या डोळ्यांची वर्णने करण्यात जगाने 17 वर्षे घालविली. तिचे नाव शरबत गुला, हे कळण्यास 2002 साल उजाडले.

यावर आमचे कलावादी मित्र म्हणतील, 'नाव दिले की चित्र एका बाईचे होते. निनावी राहिले तरच ते साऱ्या मातांचे होते.' कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकरांच्या काळातील वादाचा हा नवा अवतार होय. परंतु चित्रकाराचे नाव चित्राखाली ठळक छापताना कलेच्या विश्वात्मकतेला धक्का कसा बसत नाही? 'मोना लिसा' तर बसणारीच्या नावानेच ओळखली जाते. म्हणून तिच्या स्मिताचे गूढ कमी झाले काय? निनावीपणाची ही महती गरिबाच्या चित्रापुरतीच आठवते, यातच तिचे खरे रूप कळून येते.

यास्तव आमची मागणी साधी आहे. संपादकांनी माणसाचे चित्र छापताना, शिक्षकांनी ते वर्गात दाखविताना आणि गृहस्थांनी ते भिंतीवर लावताना तीन प्रश्न विचारावेत: हे माणूस कोण, त्याची संमती होती काय, आणि पुढे त्याचे काय झाले? उत्तर न मिळाल्यास तसे चित्राखाली लिहावे. आम्ही स्वतः आता फळ्यावर प्रथम फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लिहितो, आणि मगच चित्र दाखवितो. व्याख्यान पूर्वीपेक्षा आखूड झाले आहे. मुले मात्र चित्राकडे अधिक वेळ पाहतात.