फागुन लागला की वावरातली बारूद बंद करा



हरभरा निघाला, गहू सोंगणीला आला, अन् पांदणीनं रात्री सुतळी बॉम्ब सुरू झाले. डुकराच्या नावानं.

मी डुकराच्या बाजूचा नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर काही जण अर्ध्यातच मला वनखात्याचा माणूस ठरवतील. डुक्कर माझ्याही वावरात येते, भुईमूग उकरते, मका लोळवते. रोही तर कळपानंच उतरते. त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. माझं भांडण बंदोबस्ताशी नाही, महिन्याशी आहे. 15 फेब्रुवारीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत वावरात अन् जंगलाच्या काठाला बारुदीची कोणतीच वस्तू वाजू नये. सुतळी नाही, रॉकेट नाही, भरमार नाही, रायफल नाही. कार्बाईडची नळीही नाही. खिशात परवानगीचा कागद असला तरी नाही.

तारीख मी पंचांगातून काढली नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम आहे. जाळरेषा त्याच्या आधी साफ करतात, हंगामी मजूर तेव्हाच लावतात. आपल्या रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर, हिंगण्याच्या काठाच्या गावात याच दिवसात सागाचा पाला घोट्याइतका पडलेला असते. धुऱ्यावर कुसळी वाळून पिवळी. खळ्यावर कुटाराची गंजी, बाजूला पऱ्हाटीचा ढीग, त्याला लागून ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या. एवढं जळण आपणच मांडून ठेवतो अन् मग त्यात वात लावून फेकतो.

सुतळी बॉम्ब फुटला म्हणजे विझला असं लोकायले वाटते. तसं नाही. आवाज बारुदीचा होते, पण तिच्यावर गुंडाळलेली सुतळी ताग आहे. तिचे तुकडे धुमसत चारी बाजूला उडतात. तागाचा तुकडा भडकत नाही, गोवरीसारखा आतल्या आत जळत राहते. पायाखाली पडला तं दिसते, कुसळीत पडला तं दिसत नाही.

भरमारची गोष्ट आणखी वेगळी. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी तोंडानं भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे, म्हणून काही घरात आजोबाच्या काळापासूनचा परवाना आहे. ती भरतात कशी? आधी बारूद, मग डाट, मग छर्रे, मग पुन्हा डाट. डाट म्हणजे चिंधी नाहीतर नारळाची काथ. छर्रा शिशाचा, मऊ. त्यानं आग लागणं अवघड. आग लावते ती डाट. नळीतून निघते तेव्हा पेटलेली असते अन् थोड्या पावलांवर पडते. मारणाऱ्याची नजर तेव्हा डुकराकडे असते, डाटीकडे कोणाचीच नसते.

रायफलवाले म्हणतात, आमच्या गोळीत डाट नाही, म्हणजे आग नाही. हे चूक आहे अन् मोजून दाखवलेलं आहे. अमेरिकेत जमिनीत बीळ करून राहणाऱ्या खारी मारायला लोक वाळल्या गवतात रायफल चालवतात. तिथं नेमबाजीच्या जागी आगी लागल्या, तेव्हा गोळीनं गवत पेटते का हा वाद झाला. मग तिथल्या वनखात्याच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रयोग केला. पोलादी पत्र्यावर गोळ्या मारल्या अन् त्याचे तुकडे खाली ठेवलेल्या वाळल्या कचऱ्यात पडू दिले. कचऱ्यात ओल 3 ते 5 टक्के होती. पोलादाचा गाभा किंवा पोलादी कवच असलेल्या गोळ्या अन् निव्वळ तांब्याच्या गोळ्या, यांच्या तुकड्यांनी कचरा पुन्हा पुन्हा पेटला. शिशाचा गाभा असलेल्या गोळीनं क्वचितच. तुकड्याचा ताव 800 अंशाच्याही वर जाऊ शकते असा त्यांचा अंदाज निघाला. कारण साधं आहे. गोळीचा वेग एकदम थांबला की त्या वेगाची उष्णता होते, धातू चेपतो, फाटतो अन् तापतो. लोहारानं थंड खिळा ऐरणीवर ठोकून ठोकून गरम केलेला ज्यानं पाहिला त्याला हे वेगळं सांगायला नको. आता आपल्या वावरात पोलादी पत्रा नसते म्हणाल, पण धुऱ्यावर दगडाची काय कमी आहे?

कार्बाईडच्या नळीवर जास्त बोलत नाही. माकडासाठी निघालेलं ते खूळ ऑक्टोबर 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात लेकरांच्या हातात गेलं अन् भोपाळकडं शंभरावर लेकरं डोळे घेऊन दवाखान्यात पोचली. कार्बाईडमध्ये पाणी पडलं की जो वायू निघते तो हवेत अडीच-तीन टक्के असला तरी पेटते. प्लास्टिकच्या नळीत असा वायू भरून तोंडाजवळ धरायचा, याला राखण म्हणत नाहीत.

आता नेहमीचं उत्तर येईल. डुक्कर रात्री येते, रात्री हवेत ओल असते, आग कुठं लागते? अर्धं बरोबर आहे. रात्री भडका कमी होते. पण धुमसणारा तुकडा वाळल्या शेणात, सागाच्या पाल्यात, पोखरलेल्या बुंध्यात रात्रभर जिवंत राहते. सकाळी दहा वाजता वारा सुटला की तो उठते. तोपर्यंत बॉम्ब टाकणारा घरी झोपून, चहा पिऊन तालुक्याला गेलेला असते. म्हणून तर त्याच्या डोक्यात कधीच येत नाही की आग आपल्या सुतळीची आहे. अन् गावात नाव कोणाचं निघते? मोहफूल वेचणाऱ्या बाईचं. मोहाखाली पाला जाळतात, त्यानं वणवे लागतात हे खरं आहे, त्यांनाही समजावलं पाहिजे. पण ट्रॅक्टरवाल्याच्या पोराची सुतळी कोणीच मोजत नाही, हे मला पटत नाही.

वणवा म्हणजे झाडं जळतात एवढंच ज्याला वाटते, त्यानं नागझिरा आठवावं. एप्रिल 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यात तिथली आग विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. हे रोजंदारीवर जाणारे लोक आपल्याच गावातले असतात, आपल्याच वावरात सोंगणीला येतात.

कायद्याचंही ऐका. 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 26 म्हणते की राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली तर शिक्षा होतेच, वरून सरकार त्या जंगलातला चराईचा अन् वनोपजाचा हक्क ठराविक काळ थांबवू शकते. म्हणजे बॉम्ब एकानं टाकायचा अन् ढोरं साऱ्या गावाची उपाशी. विम्याचंही तसंच. पीक विम्यात उभ्या पिकाची आग आहे, पण नैसर्गिक. टाळता येण्यासारखी जोखीम त्यात वगळलेली आहे. उलट वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप 2026 पासून विम्यात घेणार असं केंद्रानं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. 72 तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं आहे. आपला जिल्हा अन् आपलं पीक त्या यादीत यावं म्हणून भांडायचं आहे ते वेगळं. पण हिशेब बघा. डुकरानं खाल्लं तर मागायला जागा आहे, आपल्या बॉम्बनं शेजाऱ्याचा गहू जळाला तर त्यालाही नाही अन् तुम्हालाही नाही.

नेते लोक हिवाळी अधिवेशनात नागपूरला येऊन "शेतकऱ्याला बंदूक द्या" म्हणतात. टाळ्या पडतात. वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणारा प्राणी मारायची लेखी परवानगी देता येते, ते मला मान्य आहे. मात्र परवानगी जुलै ते जानेवारीची द्या, हिरवं असताना द्या, अन् कागदावर आगीची अट लिहा. तसंही चार डुकरं मारून कळप संपत नाही, एक मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते. आवाजानं कळप पळते तो शेजाऱ्याच्या वावरात जाते. डुक्कर काही सात-बारा वाचून येत नाही.

या पानावर कृषी सहायक अन् विद्यापीठातली मंडळीही असतात, म्हणून त्यांना सांगतो. वन्यप्राण्यांपासून पीक संरक्षण या नावानं सल्ले निघतात, त्यात एक ओळ हमखास असते, "फटाके फोडावेत". सोयाबीन हिरवं असताना हा सल्ला चालते. गव्हाला, उन्हाळी भुईमुगाला, उन्हाळी मुगाला तोच सल्ला जसाच्या तसा छापू नका. फवारणीचा दिवस सांगता, मग फटाक्याचा महिना का सांगत नाही?

मग उन्हाळ्यात करायचं काय? जागल. दुसरं सोपं काही नाही. चार वावरं मिळून पाळी लावा, एलईडीची झोताची बॅटरी घ्या, डबा वाजवा, भोंगा लावा. झटका मशीन लावा, पण तारेखालचं गवत दोन्ही बाजूनं खरडून ठेवा, गवत तारेला टेकलं की झटका उतरते अन् ठिणगीही पडू शकते. घरची थेट लाईन तारेत सोडणारे वेगळे; त्यात माणसंही मरतात, त्यांच्याशी मला बोलायचंच नाही. बफरच्या गावाला जन वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान आहे, समितीच्या सचिवाला गाठून अर्ज टाका.

आमच्या शिवारात यंदा एवढं ठरवतो आहे. पांदणीच्या दोन्ही अंगाचं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, जंगलाकडच्या धुऱ्यावर नांगराचे दोन तास मारायचे, अन् गंजीजवळ पाण्याचा ड्रम अन् ओलं पोतं ठेवायचं. ज्यांच्याकडे ग्रास कटर आहे त्यांनी सोमवारी सकाळी सहाला मारोतीच्या पारापाशी यावं. डिझेल-पेट्रोल वर्गणीतून देऊ.